तपासल्याशिवाय थेंब नाही

आमच्या गावच्या डेअरीने एका कंपनीशी भागीदारी केली आणि कंपनीचा साहेब कडक इस्त्रीत आम्हा अडाण्यांना शिकवायला आला. आल्या आल्या म्हणाला, "उद्यापासून जो आमचं पशुखाद्य घेणार नाही, त्याचं दूध डेअरी घेणार नाही." चेअरमन शेजारी बसून नुसती मान डोलवत होते. त्यांना तेवढंच येतं.

माझं घर एका गाईवर चालतं, आणि तिने कालच कंपनीने नमुना म्हणून वाटलेलं ते खाद्य हुंगून तोंड फिरवलं होतं. मी कसंबसं तसं सांगितलं, तर साहेब हसला. "गाईला काय कळतं, ताई? आमच्यावर विश्वास ठेवा."

माझ्या थोरल्या जाऊबाई, अनसाबाई, पुढे झाल्या. "साहेब, डेअरी आमच्यावर विश्वास ठेवून दूध घेते का?"

"छे. तपासल्याशिवाय थेंब घेत नाही. भेसळ निघाली की कॅन परत."

"बरं झालं सांगितलंत," म्हणत जाऊबाईंनी काचेचा ग्लास पाण्याने भरला आणि साहेबाच्याच पोत्यातलं मूठभर खाद्य त्यात ढवळलं. कोंडा वर तरंगला, तळाला वाळू बसली. सगळ्यांनी वाकून वाकून पाहिली.

साहेबाने घाम पुसला. "एवढी थोडीफार असतेच, मावशी."

"असू दे की. मग उद्यापासून आमच्या दुधातही एवढं पाणी असेल. घ्याल ना?"

चेअरमननी पोती गाडीत परत चढवायला लावली, आणि दूध पहिल्यासारखंच घ्यायचं ठरलं.