कढणवाडीचं ऊन पाणी

कढणवाडीच्या कुंडात आज बेडकं पोहतात. ऐकणाऱ्याला खरं वाटायचं नाही, पण फार पिढ्यांमागे त्याला पाणी देणाऱ्या झऱ्याच्या तोंडाशी तांदळाची पुरचुंडी धरली की भात शिजून निघायचा, असं म्हणतात. तिथून खाली कुंडात उतरेपर्यंत पाणी अंगाला सोसेल इतकं निवायचं. गुडघे धरलेली, कंबर गेलेली माणसं घाटावरून नि बंदरावरून तिथे यायची आणि आपल्या पायांनी परत जायची.

त्या कुंडाची राखण ठकू गुरवीण करायची. नवरा गेला तेव्हापासून कुंड हाच तिचा संसार. रोज उजाडताना ती कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "आज वीस माणसं." कधी तीस, कधी नुसती पाच. पाणी तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात. बाकीच्यांनी थांबायचं. तेल लावून कुंडात उतरायचं नाही, पाण्यात फूलसुद्धा टाकायचं नाही.

थांबणारी माणसं राहायची गावातच. चाळीस घरं होती, पाहुणा पाळीपाळीने घरोघर जायचा. त्या घरचा लाल भात आणि कुळथाची पिठी जेवायचा, त्यांच्या पडवीत झोपायचा. जाताना बुरडाकडची टोपली न्यायचा, नाहीतर आवडू कुंभारणीचं मडकं. आवडू ही ठकूची लहानपणापासूनची सोबतीण. गाव काही श्रीमंत नव्हतं, पण गाव सोडून कुणी पोट भरायला गेलं नव्हतं.

मग एका वर्षी बंदरावरचे हेमाजी शेट मेण्यातून आले. गुडघे असे धरलेले की मांडी घालता येईना. अकरा दिवस त्यांनी आवडूच्या पडवीत काढले आणि बाराव्या दिवशी चालत गेले. उपकार फेडायचे म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी कुंडाच्या अगदी काठावर धर्मशाळा बांधली. मनाचे वाईट नव्हते शेट. म्हणूनच त्यांना कुणी अडवलं नाही.

धर्मशाळेत दोनशे माणसं मावायची. आचारी बंदरावरचे, तांदूळ गलबतातून आलेला, भांडी तांब्याची आणि पंगत फुकट. सुरुवातीला गावही हरखून जेवून आलं. मग पाहुणे गावात यायचेच थांबले. परस्पर कुंडावर यायचे, डुंबायचे, जेवायचे आणि गाड्या जुंपून निघून जायचे. कुंडात तेलाचा तवंग नि शिकेकाईचा फेस आला. नवसाचे नारळ, कुजकी फुलं, चिंध्या तळाशी बसू लागल्या.

ठकू धर्मशाळेच्या ओट्यावर बसलेल्या शेटसमोर जाऊन उभी राहिली.

"शेट, पाणी आज दहाच माणसं म्हणतंय."

"ठकूबाई, दारी आलेल्या दुखणाइताला परत पाठवू? ते पाप कुणाच्या माथी?"

 ठकू तशीच परत फिरली. त्या दिवशी आपल्याला बोलता आलं असतं तर, हे तिच्या मनातून कधीच गेलं नाही.

एकेका घराला कुलूप लागलं. आधी बुरूड गेला. मग एका सकाळी आवडू गाठोडं घेऊन कुंडावर आली.

"राहा गं," ठकू म्हणाली. "कुंड सुधारेल."

"सुधारेल तेव्हा सुधारेल. चार महिने घरात पाहुण्याचं पाऊल नाय. भट्टी लावू कुणासाठी?"

"माझ्याकडे राहा."

"तुझ्याकडे तरी काय शिजतंय, ठकू?"

 आवडूने गाठोडं उचललं आणि ती बंदराच्या वाटेला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि ठकूनेही तिला हाक मारली नाही.

त्यानंतर महिन्याभरात पाणी निवायला लागलं. ठकूच्या हाताला ते सगळ्यांच्या आधी कळलं. तिने सांगितलं, तर शेटनी अभिषेक मांडला आणि घागरी भरभरून दूध कुंडात ओतलं. पाणी नासलं. माणसं येईनाशी झाली. धर्मशाळेची दारं लागली, आचारी गलबतात बसून गेले. शेटचे गुडघे पुन्हा धरले. मेण्यातून शेवटचे आले तेव्हा ते काठावर बसून रडले, पण तेव्हा गावात सातच घरं उरली होती.

ठकूने एकटीने गाळ उपसायला घेतला. अख्खा फाल्गुन ती टोपल्या वाहत होती. तळ दिसला, पाणी निवळशंख झालं, पण ऊन झालं नाही. तेव्हा चैत्रात ती स्वतःच गळ्याइतक्या गार पाण्यात जाऊन बसली. लोकांनी हाका मारल्या, हात धरून ओढलं. ती उठली नाही. अन्न नाही, झोप नाही, असे नऊ दिवस गेले. नवव्या सकाळी पाण्यावर वाफ दिसली, असं म्हणतात. सातही घरं धावली. ठकूच्या भोवती हातभर पाणी खरंच ऊन झालं होतं. ती हसली आणि म्हणाली, "आवडूला सांगा, पाणी तापतंय."

आवडू कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी ठकू गेली. तिला पाण्याबाहेर काढलं तेव्हा तिचं अंग बर्फासारखं होतं. तिच्यातली सगळी ऊब पाण्याने घेतली होती, असं म्हणतात. संध्याकाळपर्यंत पाणीही पुन्हा गार पडलं. ते आजतागायत गारच आहे.

वाडीत अजून सातच घरं आहेत. ठकू गेली त्या तिथीला, चैत्र वद्य नवमीला, प्रत्येक घरात एक पान जास्तीचं मांडतात. त्याला 'ठकूचं पान' म्हणतात. ते परक्या पाहुण्यासाठी असतं. त्या दिवशी वाटेने येईल त्याला घरात घ्यायचं, आपल्या शेतातलं वाढायचं आणि त्याने जेवून हात धुतल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही. सकाळपासून कुणीतरी फाट्यावर उभं राहतं. हमरस्त्याने गाड्यांमागून गाड्या समुद्रावरच्या मोठ्या हॉटेलांकडे जात असतात. गेल्या अकरा वर्षांत एकही आत वळलेली नाही. ऊन कललं की फाट्यावरचं माणूस परत येतं, सासवा वाढलेली पानं उचलून गाईपुढे ठेवतात आणि मग घरची माणसं जेवायला बसतात.