सात दिवसांचं तेल

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपल्या अंगणात, पंचवीस-तीस रोग्यांच्या देखत, तेलाचं भरलेलं पातेलं उचललं आणि मातीत रिकामं केलं. सात दिवस मंद आचेवर कढवलेलं तेल! लकवा मारलेल्या हातापायांना ते चोळून घ्यायला लोक चार-चार जिल्ह्यांतून येत. आठवडाभर चुलीपाशी बसून डोळे लाल करून घेतलेला त्यांचा शिष्य श्रीपती बघतच राहिला. त्याला वाटलं, गुरुजींचं डोकं फिरलं!

झालं होतं ते असं. रविवारची सकाळ होती. रोगी बाकांवर नंबर लावून बसले होते. तेवढ्यात एक जीप धुरळा उडवत आली आणि चौघांनी महालिंगअप्पांना उचलून खाली घेतलं. अप्पा गुळाचे व्यापारी आणि वैद्यबुवांचे अगदी लहानपणापासूनचे मित्र. सौद्याच्या वेळी सगळा बाजार दणाणून सोडणारा हा माणूस, पण आता तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबकळत असलेला, आणि बोलायला गेले की नुसतं "ब... ब..." होत होतं.

"किती वाजता झालं?" वैद्यबुवांनी पहिला प्रश्न केला.

"आठ वाजता, चहा घेताना. तोवर चांगले पेपर वाचत बसले होते," अप्पांच्या पत्नी गिरिजाबाई म्हणाल्या. "वाटेत मोठं हॉस्पिटल लागलं हो भाऊजी, पण मी गाडी थांबू दिली नाही. सुई टोचली की तुमचं तेल लागू पडत नाही ना!"

त्या भागात सगळे हेच म्हणत. वैद्यबुवांच्या आजोबांनीच तो दंडक घालून दिला होता: सुई टोचलेल्याला तेल नाही.

वैद्यबुवांनी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ झाले होते. "वहिनी, तो दंडक चुकीचा आहे. अप्पाला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या."

"असं काय करता? आधी एकदा चोळा तरी. मग म्हणाल तिथे नेते."

"नंतर चोळीन, रोज चोळीन. आधी जा."

"मी इथून हलायची नाही!" असं म्हणून बाईंनी पायरीवरच बसकण मारली. श्रीपतीलाही त्यांची दया आली. तो वाटी घेऊन पातेल्याकडे वळला. त्याच क्षणी वैद्यबुवांनी पातेलं उचललं.

"घ्या, संपलं तेल! आज इथे कुणालाच काही मिळायचं नाही. उठा!"

गिरिजाबाई रडल्या. "मैत्री अशी निभावतात होय?" म्हणाल्या. पण तेलच नाही म्हटल्यावर थांबायचं कशासाठी? वैद्यबुवांनी चिठ्ठीवर 'आठ वाजता' एवढंच लिहून ती ड्रायव्हरच्या खिशात कोंबली. "ही डॉक्टरांना दे. आणि वाटेत पाणीसुद्धा पाजू नका, ठसका लागेल." जीप वळेपर्यंत त्यांनी हॉस्पिटलला फोनही लावला होता.

बाकावरची माणसं कुजबुजत निघून गेली. श्रीपतीला राहवेना. "गुरुजी, वाटीभर तेल लावलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"वेळ गेली असती," वैद्यबुवा म्हणाले. "ऐक. मेंदूला रक्त नेणारी नळी एक तर गुठळीने बुजते, नाहीतर फुटते. बुजली असेल तर सुईने गुठळी विरघळवता येते, पण साडेचार तासांच्या आत. त्यातही जितकी लवकर, तितका मेंदू अधिक वाचतो. फुटली असेल तर तीच सुई घात करील. दोहोंतलं काय झालंय, ते नाडी धरून मला कळत नाही. त्यासाठी मेंदूचा स्कॅन लागतो. आपलं चोळणं पुढचं आहे रे, उरलेली ताकद कामाला लावायचं. मेलेला मेंदू आपलं तेल जिवंत करीत नाही."

"पण इतके लोक बरे झाले ते?"

"जे सुधारले ते पेढे घेऊन आले. ज्यांचा हात या बाकावर नंबर येईपर्यंत कायमचा गेला, ते कशाला सांगायला येतील? चाळीस वर्षं मी पेढे खाल्ले, आणि आजोबांचा शब्द मोडायला लाजलो." वैद्यबुवांनी रिकामं पातेलं उचलून बाजूला ठेवलं. "अन् अप्पाचं काय? गेल्या महिन्यात दहा मिनिटं त्याचा हात बधिर झाला होता, हातातली किल्ली गळून पडली. ती धोक्याची सूचना होती. रक्तदाबाची गोळी त्याने आपल्या मनानेच सोडलेली, साखर वाढलेली, तोंडात तंबाखू. तेव्हाच त्याला कान धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी काय केलं? खांद्याला तेल लावून दिलं!"

 त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही.

संध्याकाळी फोन आला. गुठळीच होती, सुई वेळेत लागली होती. हात अजून जड होता, तो कितपत सुधारेल हे डॉक्टर सांगत नव्हते. पण गिरिजाबाई हुंदके देत म्हणाल्या, "भाऊजी, मला नावाने हाक मारली त्यांनी!" वैद्यबुवांनी फोन खाली ठेवला आणि उपरण्याने डोळे पुसले.

पुढच्या रविवारी फाटकाशी एक टेम्पो येऊन थांबला. आत एक शिंपीणबाई मान टाकून पडली होती, डावा हात निर्जीव झालेला. तिचा भाऊ अभिमानाने म्हणाला, "तासापूर्वीच झालंय. सुई लावू दिली नाही बरं का!"

अंगणात नवं तेल तयार होतं, वैद्यबुवाही ओसरीवरच होते. पण श्रीपतीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फाटक बाहेरून लावून तो टेम्पोत चढला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसला. "फिरव गाडी," तो म्हणाला. "हॉस्पिटल मी दाखवतो."

तोंड वाकडं झालं, हात पडला किंवा बोलणं अडखळलं, तर कुणाचा गुण येतो याची चर्चा घरात करत बसू नये. ती हॉस्पिटलच्या वाटेवर करावी.