शेवंतीच्या केसांची लाली

खर्र खट, खर्र खट. पाट्यावर वरवंटा फिरत होता. मेंदीचा ओला पाला वाटला जात होता, आणि वाटणारी बाई गोष्ट सांगत होती. फार वर्षं झाली. तो आवाज अजून कानात आहे, म्हणून गोष्टही आहे.

एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता. राजा न्यायी, पण जिभेला लगाम नव्हता. एके दिवशी दरबारात एक म्हातारी आली. तिचे केस लालभडक होते. राजा हसून म्हणाला, "आजीबाई, डोक्याला आग लागली की काय? पाणी मागवू?" सगळा दरबार हसला.

म्हातारी होती कुसुंबा जादूगारीण. ती ओरडली नाही. तिने राजाच्या पायाच्या अंगठ्याला काठी टेकवली. अंगठा दगडाचा झाला.

"राजा, दगड रोज एक वीत चढेल. ज्या रंगाला हसलास, तोच रंग तुझ्या घरातल्या बाईच्या केसांवर चढला तर तू सुटशील. रंगवायचे ते घरी, तिनेच, स्वतःच्या हातांनी. जादू चालणार नाही. रंगारी चालणार नाही."

एवढं बोलून ती गेली. तिची साळुंकी मात्र सिंहासनाच्या दांडीवर बसून राहिली.

राणीने मेंदी लावली. राजाच्या बहिणींनी लावली. पण त्यांचे केस काळेभोर; लाली दिसेना, नुसती चमक आली.

"दगड गुडघ्याला लागला," साळुंकी म्हणाली.

तेव्हा राजकन्या शेवंती पुढे झाली. तिचे केस जन्मापासून पिंगट. राजघराण्यात असे केस कोणाचे नव्हते, म्हणून राजाच्या हुकमाने ती सदा डोकं झाकून असे. ती म्हणाली, "तात, काळ्यावर लाल दिसत नाही. पिंगटावर दिसेल."

 राजाने मान खाली घातली.

राजवाड्यातली मेंदी संपली होती; कुसुंबेच्या मळ्याला मात्र मेंदीचं कुंपण होतं. शेवंती डोकं झाकून गेली, तर कुंपणाने काटे पुढे केले. तिने ओढणी काढली, हात जोडले, पाला मागितला. काटे मागे सरले.

पाला तिने स्वतः वाटला. तिला लहानपणी सांभाळणारी दासी तुळाई म्हणाली, "ताईसाहेब, लोखंडी कढईत भिजवा. आम्ही सगळ्या तशाच भिजवतो."

शेवंती शहाणी. सगळं डोकं तिने एकदम माखलं नाही. मानेजवळची एक बट कापली आणि तिला लेप लावला. दोन प्रहरांनी धुतली, तर बट काळपट.

"लोखंडाने काळं केलं गं," तुळाई म्हणाली. "आम्हांला पांढरे झाकायचे असतात. तुम्हांला लाल हवं. माझीच अक्कल गहाण पडली!"

मग मातीचं बोळकं आणलं. लिंबू पिळलं. दुसरी बट माखली, पण धीर धरवेना, घटकाभरात धुतली. बट जशी होती तशीच.

"दगड कमरेला लागला," साळुंकी म्हणाली.

तिसऱ्या वेळी शेवंतीने बट कापली नाही. सगळं डोकं माखलं, केळीचं पान बांधलं आणि दोन प्रहर बापासमोर बसून राहिली. लेप कपाळावरून ओघळला, मान अवघडली. ती हलली नाही. मला त्या पोरीचं कौतुक वाटतं ते इथे. पाला वाटणं सोपं. बापाचं अंग दगड होताना पाहायचं आणि तरी घाई करायची नाही, हे अवघड.

मग तिने साध्या पाण्याने केस धुतले. दरबार पाहायला जमला. रंग आला होता, पण नारिंगी. पिकल्या भोपळ्यासारखा.

"कन्ये, हा लाल नव्हे," राजा म्हणाला. दगड त्याच्या छातीपर्यंत चढला होता.

प्रधान म्हणाला, "रंगाऱ्याला बोलवावं. गुपचूप."

"नको," शेवंती म्हणाली. "मेंदी हातावर काढतात, तेव्हा पहिल्या दिवशी नारिंगीच दिसते. मग चढते. तात, दोन दिवस थांबा."

"माझ्याकडे दोन दिवस आहेत?"

साळुंकीने मान वाकडी करून मोजलं. "दोन विती आहेत."

राजाने लेकीकडे पाहिलं. "थांबतो," तो म्हणाला. दगड होण्याआधीचं ते त्याचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी ओठ दगडाचे झाले.

तिसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा राजाचे फक्त डोळे जिवंत होते. शेवंती सिंहासनासमोरच्या अंगणात उन्हात उभी राहिली आणि तिने केस मोकळे सोडले. डाळिंबाचे दाणे फुटावेत तसे ते लाल. पिंगट होते म्हणूनच असे लाल.

राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते जिथे जिथे ओघळलं, तिथे तिथे दगड माती होऊन गळाला. राजा उठला. पाहतो तो दारात कुसुंबा उभी.

राजाने हात जोडले. "आजी, मी हसलो. चुकलो." मग लेकीची ओढणी उचलून तुळाईच्या हाती दिली. "ही आता नको. शेवंती उघड्या डोक्याने माझ्या उजवीकडे बसेल."

कुसुंबा जवळ आली. तिने शेवंतीचे केस हातात घेतले, उन्हात धरले, बराच वेळ पाहिले. तिच्या स्वतःच्या भांगात बोटभर पांढरं दिसत होतं.

शेवंती हळूच म्हणाली, "आजी, सकाळी ताजा पाला वाटून ठेवलाय. मातीच्या भांड्यातच आहे. तुमच्यासाठी."

म्हातारीने बोळकं घेतलं, छातीशी धरलं. साळुंकी उडून तिच्या खांद्यावर बसली. एक एक पायरी जपून उतरत ती निघून गेली.