कणसांचं तोरण

कधी काळी, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती तेव्हा, एका खोऱ्यात विणकरांचे सात पाडे होते. प्रत्येक पाड्याच्या मंडपात एक लांबरुंद पट टांगलेला असे. त्यावर मोर, हरणं, वेली असं सारं विणलेलं. तो पाहून विणकर कापड विणत, आणि नवा पाडा वसला की त्याच्यासाठी तसाच दुसरा पट विणून देत.

सर्वांत जुन्या पाड्याचा पट एक आजी राखी. रोज सकाळी ती पटावरून बोटं फिरवी. कुठे उंदराने कुरतडलेलं, कुठे ठिणगीने जळलेलं सापडलं की गावच्या कणगीतून ज्वारीची कणसं आणून तिथे तोरण बांधी. तोरण दिसताच विणकर माग सोडून येत. त्यातल्याच दाण्यांची खळ शिजवत, धाग्याला लावत आणि भोक सांधत.

"आजी, उंदराला बोल लावू नका," एखादा म्हणे, "त्याच्यामुळे आमची पाठ तरी मोकळी होते."

एका वर्षी भयंकर गारपीट झाली. मंडप कोसळला, पटाच्या चिंध्या झाल्या. आजीने पदर खोचला. जिथे फाटलं तिथे तोरण. विणकर अंदाजाने धागे जोडत होते. एक बाजू सांधली की ताण बसून दुसरी उसवे, की आजीचं आणखी एक तोरण.

चार दिवसांत कणगी सांभाळणारे आजोबा आले.

"अगं म्हातारे, कणगीतले उंदीरसुद्धा शेजारच्या पाड्यावर गेले."

"पट वाचायला हवा," आजी म्हणाली.

"आणि पोरांना काय, खळ चाटवू? सुगीला अजून दोन महिने आहेत."

आजी ऐकेना. तेवढ्यात तिची सून मागावरचं कापड घेऊन आली.

"आत्याबाई, पटावर आहे तस्संच विणलंय हं."

कापडावर मोर होता. त्याला हरणाचे चार पाय होते. सगळे खो-खो हसले. आजीही हसली, आणि हसता हसता पटाकडे वळली. तिथेही सांधताना मोराला हरणाचे पाय जोडले गेले होते.

"नवा पाडा वसतोय, तिथली माणसं या पटावरून दुसरा पट विणून न्यायला कधी येणार?" तिने विचारलं.

"परवा."

आजीने उरलेली सगळी तोरणं सोडली. कणसं बायकांच्या ओट्यांत टाकली. "भाकरी करा. शेजारच्या पाड्यावर जायचंय, वाटेत लागतील."

मग तिने स्वतःच्या हाताने पटाला अग्नी दिला. जन्मभर जपलेलं जळताना तिचे डोळे भरले, पण शेवटचा धागा जळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

सगळा पाडा शेजारच्या पाड्यावर गेला. तिथली माणसं ढोल घेऊन वेशीवर आली. "या, या. माग रिकामे पडलेत, आणि आमच्या सुना विणण्यापेक्षा बोलतात जास्त."

"आमच्याही तशाच आहेत," आजोबा म्हणाले. "आता तुमचे कान गेले."

जुना पाडा मोडला. पण चुकलेला पट कुठेच पोचला नाही, आणि एकही पोर उपाशी राहिलं नाही. सुगीनंतर त्याच माणसांनी शेजारच्या धड पटावरून नवा पट विणला आणि नवा पाडा वसवला. वास्तूच्या दिवशी आजी सुनेचा हात धरून फुगडी खेळली.

बोध: छोटं भोक त्याच दिवशी सांधावं, पण सांधण्यात सगळ्यांचा घास जाऊ लागला आणि चूकच पुढे जाऊ लागली, तर सोडून देण्याचं धैर्य करावं.