वल्ह्याविना गेलेली होडी

फार फार वर्षं झाली त्या गोष्टीला. गोदावरीच्या काठावर कवठाळी गावात एस्तेरबाई नावाची ख्रिस्ती बाई होडी चालवायची. नवरा गेल्यावर तिनंच वल्हं हातात घेतलं होतं. रोज दिवस उगवला की ती होडीत उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "प्रभू, आजचा दिवस तुझा, मीही तुझीच. चल, निघू." मगच दोर सोडायची. घाटावरचे लोक हसायचे. ते हसले की ती आवाज आणखी चढवायची, असं म्हणतात.

एका वर्षी पलीकडच्या वस्तीत पटकी शिरली. घरोघर माणसं आडवी झाली. पाटलानं दवंडी पिटवली, की होडी बंद, कुणी पल्याड जायचं नाही. तरी सकाळी एस्तेरबाई पेजेचं मडकं घेऊन घाटावर आली. पाटलानं तिला अडवलं. रोग गावात आणशील, म्हणाला.

"पाटीलबाबा, परत आले तर वेशीच्या आत पाऊल टाकणार नाही, होडीतच राहीन," ती म्हणाली. "पण जाणार."

पाटलानं सुताराला सांगून तिचं वल्हं तोडवलं. वाटलं, आता बाई घरी जाईल. पण ती होडीत चढली, रोजचंच बोलणं बोलली, आणि तिनं दोर सोडला.

त्या दिवशी नदी दुथडी भरून वाहत होती. होडी खाली वाहून जायची, ती प्रवाह कापत सरळ पैलतीराला लागली. मडक्यातली पेज सांडलीसुद्धा नाही, असं म्हणतात. संध्याकाळी होडी तशीच वल्ह्याविना परत घाटाला लागली.

दुसऱ्या दिवशी सुतार नवं वल्हं खांद्यावर टाकून पाटलाच्या दारावरून घाटाकडं गेला. पाटलानं पाहिलं, पण हाक मारली नाही. साथ सरेपर्यंत एस्तेरबाई पेज नेत राहिली आणि होडीतच निजली. वस्तीतली पुष्कळ माणसं उठून बसली. पुढं ती पिकल्या केसांची होईपर्यंत होडी चालवत होती.

आजही कवठाळीच्या घाटावरून सकाळची पहिली होडी सुटते, ती एस्तेरबाईच्या नावानं. तिच्यात चढणाऱ्याला जात, गाव, आजार, काही विचारत नाहीत. नुसता हात पुढं करतात आणि वर ओढून घेतात.