विजेवरचा सूर

मिरजेतल्या एका संगीतसभेचे अध्यक्ष विश्वंभरबुवा वर्तमानपत्रात परीक्षणंही लिहीत. तितिक्षा केळुसकरच्या नव्या अल्बममध्ये ख्याल, संबळ आणि सिंथेसायझर एकत्र ऐकून त्यांनी 'ही तर खिचडी' असं छापलं, आणि सभेतला तिचा त्याच संध्याकाळचा कार्यक्रमच रद्द केला.

तितिक्षा दारावरची बेल वाजली तरी दचकणारी. पण ती तडक बुवांच्या शिकवणीत जाऊन उभी राहिली.

"कार्यक्रम का रद्द केलात, बुवा?"

"आमच्या सभेत विजेवरचा सूर चालत नाही, बाई. सूर तारेतून यावा लागतो. बस, ऐक, शिकशील काहीतरी." बुवांनी डोळे मिटून यमन सुरू केला.

तितिक्षानं भिंतीवरचं बटण बंद केलं. बुवांच्या मागे वाजणारी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी गप्प झाली, आणि बुवांचा षड्ज डगमगला.

"कुणी बंद केलं ते?"

"मी. तुमचाच नियम पाळला. विजेवरचा तंबोरा, तोही तंबोरे घडवणाऱ्या गावात! आता तुमचं गाणं रद्द करायचं, की माझं सुरू करायचं?"

शिष्य माना खाली घालून हसू लागले. बुवांनी स्वतः उठून बटण लावलं.

"सहाला ये. पण आवाज जरा कमी ठेव."

"किती ठेवायचा ते मी ठरवीन, बुवा."