बुधाजीची शाळा आणि खोतांची छत्री

ए, नुसतं ऐक हां, मध्ये काही विचारू नकोस! आमच्या कोकणात माणगेवाडीला पाणंदीमहाराज राहायचे. मठ नाही, मंदिर नाही. महाराजांचा मुक्काम कुठे, तर बुधाजी मेस्त्रीच्या गणपतीच्या शाळेत! शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा गं. गवताचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन आणि घरोघरून आलेले पाट. ज्याच्या पाटावर जो गणपती घडला, तो त्याच्या घरी जाणार. आणि काय ती जागा! बायका माती मळतायत, पोरं मातीचे उंदीर करतायत, कुणी अभंग म्हणतोय, बुधाजी सोंड वळवतोय. महाराज स्वतः माती तुडवायचे. म्हणायचे, "देव इथे घडतो, मी आणखी कुठे जाऊ?"

गावचे जमीनदार विसाजी खोत, त्यांना हे खुपायचं. "काय रे बुधाजी, ही शाळा की गुरांचा गोठा? माझ्या माडीवर ये, दार लावून एकट्या माझा गणपती कर."

"खोतानू, गावाचे पाट हंय आसत. ते टाकून कसो येव?"

"मग लोळ चिखलात! आणि हा तुझा महाराज, फुकटचा गडी!"

शेवटी खोतांनाही आपला पाट शाळेतच पाठवावा लागला, आणि महाराजांनी तो हसत बाकीच्यांच्या रांगेत मांडला.

आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, असं वादळ सुटलं की छप्पर उडून थेट व्हाळात, ओढ्यात गं! वर उघडं आभाळ, खाली अख्ख्या गावाचे गणपती. कच्ची माती गं! एक सर आली की चिखल, आणि उद्या कुणाच्याच घरी देव नाही. बुधाजी रडायलाच लागला.

महाराज मधोमध बसले. म्हणाले, "डोळे आखायचे राहिलेत ना? आख."

"महाराज, पाऊस इलो!"

"पावसाचं मी बघतो. तू डोळ्यांचं बघ."

आणि बुधाजीने कुंचला उचलला! चारी बाजूंनी पाऊस कोसळतोय, अंगणात घोट्यापर्यंत पाणी, आणि शाळेत एक थेंब नाही! रंगसुद्धा ओघळला नाही!

तेवढ्यात खोत धावत आले. कुणाकडे न बघता आपल्या एकट्या गणपतीवर छत्री धरून उभे. आणि टप्... टप्... त्यांच्याच गणपतीच्या खांद्यावर पाणी! भिजलेली छत्री निथळत होती ना!

महाराज हळूच म्हणाले, "विसाजी, सगळ्या शाळेत पाणी फक्त तुझ्या छत्रीचं पडतंय रे. मिट ती."

खोतांनी वर बघितलं. काळंकुट्ट आभाळ. मग डोळे घट्ट मिटले आणि छत्रीही मिटली.

कोरडं! सगळं कोरडं!

खोत तिथेच महाराजांच्या पायांवर. महाराजांनी उठवलं, हातात मातीचा गोळा दिला. "खांदा ओघळलाय बघ. लिंप तुझ्या हाताने." आणि खोत बसले गं, त्याच चिखलात, बुधाजीला विचारत विचारत!

खरं सांग, तू असतीस तर? वर तसं आभाळ, खाली तुझा गणपती... मिटली असतीस छत्री?